अश्दोदच्या बसमधली आजी आणि आपण नक्की कोण हे कोण ठरवतं?

तळ्यातमळ्यात | गुरुवार, रात्री १०:४२

बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होतो, आज पाऊस आणि वीज दोन्ही आपापल्या जागी आहेत म्हणून बसलोय.

२०२२ मध्ये कंपनीने तीन महिन्यांसाठी इस्रायलला पाठवलं होतं. एका संध्याकाळी तेल अवीवहून अश्दोदला बसने चाललो होतो आणि बायकोशी फोनवर जोरजोरात सिलिंडरवरून भांडत होतो, नंबर लावला का नाही वगैरे, कारण आपलं कोणाला कळणार आहे इथे. फोन ठेवला तर मागच्या सीटवरून आवाज, "बायकोवर एवढा नको ओरडू रे, कुठला तू?" मी उडालोच. मागे एक आजी, आखूड केस, पायघोळ स्कर्ट, हातात भाजीची पिशवी. कुठल्याही बाजूने मराठी वाटत नव्हत्या, फक्त पिशवी धरायची पद्धत आपल्याकडची, तिचे बंद हाताला गुंडाळून.

मी म्हटलं डोंबिवली. त्या म्हणाल्या, "आमी पेनकडचे. कुलाबा जिल्हा." आता कुलाब्याचा रायगड होऊन १९८१ पासून इतकी वर्षं झाली, पण या १९६३ ला सतराव्या वर्षी निघालेल्या, त्यांच्यासाठी तो जिल्हा अजून कुलाबाच. बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू. वडील मुंबईत रेल्वेत होते, इथे आल्यावर आधी दिमोनाला वाळवंटात पाठवलं, तिथे कापडगिरणीत लागले, मग लग्न होऊन या अश्दोदला.

पुढचे दोन महिने दर आठवड्याला जेवायला जायचो. एकदा मी सहज विचारलं की आजी, तुम्ही स्वतःला काय समजता, मराठी का इस्रायली? त्या कणीक मळत होत्या, हात न थांबवता म्हणाल्या, "मी कशाला समजू? लोकच सांगतात की. गावात शनवारतेली म्हनायचे. मुंबईत यहुदी. इकडं आलो तर होदी." होदू म्हणजे हिब्रूत भारत, होदी म्हणजे भारतीय. म्हणजे ज्यूंच्या देशात ज्यू म्हणून गेल्या आणि उतरल्या उतरल्या भारतीय झाल्या!

तेव्हापासून डोक्यात हेच आहे. माणूस तोच, घरातली नारळाच्या दुधातली आमटी तीच, पण बाजूला कोण बसलंय यावर ओळख बदलते. इथे बाहेर राहणारे बरेच आहेत, तुमचे अनुभव लिहा. राजकारण नको प्लीज.


लोकलवाला | गुरुवार, रात्री ११:०५

भारी. सिलिंडरचा नंबर लागला का शेवटी?


घाणेकाठी | शुक्रवार, सकाळी ७:३०

मी अलिबागचा त्यामुळे लिहिणं भाग आहे. आमच्याकडे इस्राएल आळी आहे, सिनेगॉग म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ आहे, नवगावला जुनं दफनस्थान आणि स्मारक आहे. कथा अशी की किनाऱ्यावर जहाज फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या आणि हे सगळे त्यांचे वंशज. मग गावागावांत पांगले, तेलाचे घाणे घातले, शनिवारी घाणा बंद म्हणून शनवारतेली. आडनावं गावांवरून, दिवेकर, पेणकर, नवगावकर, केहीमकर, अष्टमकर.

आता गंमत बघा. कित्येक शतकं यांच्या आजूबाजूला दुसरा ज्यू कोणी नव्हताच. आळीतल्या म्हाताऱ्यांच्या लेखी ही एक जात होती, जशी आगरी, माळी, भंडारी. शनिवार पाळायचा, सुंता करायची, खवल्याशिवायचा मासा खायचा नाही, पण याला जगात काय नाव आहे हे माहीत असायचं कारणच काय. परंपरेत डेव्हिड रहाबी नावाच्या माणसाची गोष्ट सांगतात, तो बाहेरून आला आणि परीक्षा म्हणून बायकांना मिश्र मासळी रांधायला दिली, तर बायकांनी बिनखवल्याचे निवडून बाजूला काढले म्हणाल्या हे आम्ही खात नाही, तेव्हा त्याने ओळखलं हे आपले. माझं आवडतं या गोष्टीत काय, तर ओळख पोथीवरून नाही पटली, मासे साफ करण्यावरून पटली.

पुढे कोचीचे ज्यू शिक्षक आले, मुंबईत मिशनरी आले, आणि यांनी बायबलमधल्या आपल्याच गोष्टी मराठीत वाचल्या. १८८० च्या दशकात तर त्यावर कीर्तनं करायला लागले, अगदी आपल्यासारखी, बुवा उभा, मागे झांजा, आणि आख्यान कोणाचं तर मोशे नाहीतर योसेफ. म्हणजे जगातल्या ज्यूंशी संबंध आल्यावर हे जास्त ज्यू झाले आणि ते व्यक्त करायला साधन कोणतं घेतलं तर शेजाऱ्याचं!

अवांतर: मस्जिद बंदर स्टेशनचं नाव ज्या मशिदीवरून पडलं म्हणतात ती म्हणजे सॅम्युएल स्ट्रीटवरचं १७९६ चं सिनेगॉग. जुनी माणसं सिनेगॉगला मशीदच म्हणायची.


खमंग_काकडी | शुक्रवार, सकाळी ९:१२

वा घाणेकाठी, वेगळा धागाच काढा की. मला सणांची नावं ऐकून माहीत आहेत, बिरड्याचा रोजा, दारफाळणीचा सण. बिरड्याचा रोजा म्हणजे उपास सोडताना वालाचं बिरडं. किती छान. हिब्रू नाव नंतर चिकटलं असणार.


पाणचट | शुक्रवार, दुपारी १२:५०

सगळे फार हळवे होताय. तीन पिढ्यांत मराठी संपते हे सगळीकडचं सत्य आहे, इस्रायल असो की न्यूजर्सी. आजीच्या नातवाला येतं का मराठी? नाही ना? मग कसली ओळख आणि कसलं काय. भाषा गेली की उरतो तो मसाला आणि फोटो.


तळ्यातमळ्यात | शुक्रवार, दुपारी २:२०

@लोकलवाला, लागला, पण तिसऱ्या दिवशी.

@पाणचट, नातवाला तीन शब्द येतात. चपाती, चल आणि गप. त्यातला तिसरा रोज वापरला जातो.

पण तुमचं पूर्ण पटत नाही आणि त्याचं कारण त्या नातवाचंच लग्न. त्याची बायको मोरोक्कोकडच्या ज्यू घरातली. त्यांच्यात पण लग्नाआधी मेंदी असते, ते लोक हिना म्हणतात. मी तिथे असतानाच तो कार्यक्रम झाला आणि त्यात दोन आज्यांची जुंपली. मोरोक्कोवाल्या आजीचं म्हणणं मेंदीचा गोळा तळहाताच्या मध्ये थापायचा आणि वर फडकं बांधायचं. आपल्या आजीचं म्हणणं हे काय पोटीस बांधल्यासारखं, नक्षी काढायची, आणि हिरव्या बांगड्या कुठायत? दोघींची समाईक भाषा हिब्रू, दोघींची मोडकी, त्यामुळे अर्धं भांडण हातवाऱ्यांवर. शेवटी उजवा हात मोरोक्को आणि डावा हात पेण असं ठरलं. बांगड्या अश्दोदमध्ये मिळेनात म्हणून आजीने कपाटातून स्वतःच्या काढल्या, त्यातल्या दोन नवरीच्या मनगटातून जाईनात, मग साबण लावून चढवल्या.

तोपर्यंत नातवाला होदी असणं म्हणजे आजीच्या घरी खायचं एवढंच होतं. त्या दिवशी पहिल्यांदा तो मला विचारायला आला की आमच्यात नक्की काय पद्धत आहे, बांगड्या हिरव्याच का. म्हणजे समोर दुसरी मेंदी आली नसती तर आपली मेंदी काय हा प्रश्नच पडला नसता त्याला.


भरती_ओहोटी | शुक्रवार, दुपारी ४:०५

याची दुसरी बाजूही लिहायला हवी. संपर्क म्हणजे नेहमी मेंदीच असते असं नाही.

सुरुवातीच्या काळात रंगावरून बोलणी खावी लागली या लोकांना. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला काही कुटुंबांनी वागणुकीला कंटाळून धरणं धरलं आणि १९५२ मध्ये काही जण चक्क भारतात परत आले, पुढे त्यातले बरेच पुन्हा तिकडे गेले. त्याहून मोठं प्रकरण १९६२ चं. तिथल्या मुख्य धर्मपीठाने आदेश काढला की बेने इस्राएल माणसाचं दुसऱ्या ज्यूशी लग्न असेल तर त्याच्या मागच्या पिढ्या तपासा. म्हणजे दोन हजार वर्षं शनिवार पाळून आलेल्यांना विचारायचं तुम्ही खरंच ज्यू का. १९६४ च्या उन्हाळ्यात जेरुसलेमला मोठं आंदोलन झालं, प्रकरण संसदेत गेलं, संसदेने सांगितलं की हे सर्वार्थाने ज्यू आहेत, आणि मग आदेशातला त्यांच्या नावाचा उल्लेख गेला.

माझा मुद्दा असा की कोकणात हे लोक गावोगावी विखुरलेले, त्यांच्यातही गोरे इस्राएल काळे इस्राएल असा भेद पाळला जायचा, एकमेकांत लग्न नाही. आणि तिकडे सगळ्यांना एकाच चाळणीतून काढायला लागल्यावर सगळे एक झाले. बेने इस्राएल म्हणून इतकी घट्ट संघटना जी झाली त्यात त्या अपमानाचा वाटा मोठा आहे. गोड बोलणाऱ्या शेजाऱ्यापेक्षा दारात अडवणारा माणूस आपल्याला जास्त "आपण" बनवतो कधीकधी.


तळ्यातमळ्यात | शुक्रवार, संध्याकाळी ६:३०

बरोबर. आजी १९६४ च्या त्या आंदोलनाला गेल्या होत्या. आठवण विचारली तर म्हणाल्या ऊन फार होतं आणि कोणीतरी चिवडा आणला होता.


गोदाकाठ | शुक्रवार, संध्याकाळी ७:१५

इस्रायलबद्दल एवढं चाललंय आणि तिथे सध्या काय चाललंय त्यावर


संपादक | शुक्रवार, संध्याकाळी ७:२२

वरचा प्रतिसाद अर्धा ठेवून बाकीचा काढला आहे. धागाकर्त्याने विनंती केली आहे, तिचा मान ठेवा. सध्याच्या राजकारणासाठी दुसरे तीन धागे उघडे आहेत.


शेवयांचीखीर | शनिवार, पहाटे ५:४०

(आमच्याकडे शुक्रवार रात्र, न्यूजर्सी)

पाणचट यांना उत्तर म्हणून. आमची मुलगी इथेच जन्मली. पाचव्या वर्षापासून दर रविवारी मराठी शाळा, म्हणजे मंडळाची, बेसमेंटमध्ये भरते ती. सात वर्षं मी तिला ओढत नेलं. तिने सात वर्षांत "माझे नाव अमुक आहे" च्या पुढे काही आपणहून म्हटलं नाही. शेवटच्या वर्षी मला म्हणाली, आई, तिथे सगळे मराठीच आहेत तर मग मी मराठी आहे हे मी कोणाला सांगू? तेव्हा मला राग आला होता. आता कळतं किती शहाणं बोलली ते.

हायस्कूलमध्ये ती फक्त "इंडियन" होती कारण गोऱ्या मुलांना तेवढंच कळतं. कॉलेजला गेली, तिथे देसी मुलांचा मोठा ग्रुप, त्यात पाकिस्तानी बांगलादेशी पण आले, तिथे ती "ब्राउन" झाली. आणि मग खरी गंमत. रूममेट गुजराती, ती गरब्याच्या टीममध्ये. समोरच्या खोलीतली पंजाबी मुलगी भांगड्याच्या टीममध्ये. तमिळ मुली भरतनाट्यमवाल्या. एक दिवस फोन, "आई, व्हॉट इज आवर थिंग?" मी म्हटलं म्हणजे काय? तर म्हणे सगळ्यांचं काहीतरी आहे, आपलं काय आहे?

मी लावणी म्हणणार होते पण धीर झाला नाही. नवरा मागून म्हणाला लेझीम. आणि विश्वास ठेवा, जी मुलगी गणपतीच्या आरतीला मोबाईल बघायची तिने भारतातून सहा लेझमा मागवल्या, कस्टम्समध्ये अडकल्या कारण त्यांना कळेना हे हत्यार आहे का वाद्य, त्या सोडवल्या, आणि मागच्या वर्षी त्यांच्या देसी शोमध्ये सहा जणींनी लेझीम केली. त्या सहांत मराठी दोन. एक कोरियन होती आणि तीच सगळ्यात तालात होती, हे पण सांगते.

आता ती आपणहून मराठी बोलते. चुकीचं बोलते, "मी गेला" म्हणते, पण बोलते. हे माझ्या रविवारच्या शाळेने केलं नाही, त्या गुजराती रूममेटने केलं.

इथल्या जनगणनेत सुद्धा आपल्यासाठी १९८० ला "एशियन इंडियन" आलं. म्हणजे सरकारने एक ओळख दिली, शाळेने एक, कॉलेजने एक, मराठीपण मात्र बाकीच्या भारतीयांमुळे मिळालं. फक्त अमेरिकनांमध्ये राहिली असती तर इंडियनवरच थांबली असती असं मला वाटतं.


लोकलवाला | शनिवार, सकाळी ८:००

"मी गेला" तर आमच्या बिल्डिंगमध्ये पण म्हणतात आणि ते अमेरिकेतले नाहीत.


चौथी_सीट | शनिवार, सकाळी १०:३०

मॉरिशसला दोन वर्षं हॉटेलात काम केलंय म्हणून थोडं. तिथे मराठी लोक १८३० च्या दशकापासून, उसाच्या मळ्यांवर मजूर म्हणून गेलेले. घरी क्रिओल बोलतात, मराठी बोलणारा विरळा. पण गणेश चतुर्थीला अख्ख्या देशाला सुट्टी असते आणि मराठी शाळेत विषय म्हणून घेता येतो, मोकाच्या महात्मा गांधी संस्थेत वरपर्यंत शिकता येतो. आणि आपली कोकणातली जाखडी तिथे आहे, झाकरी म्हणतात. पहिल्यांदा ऐकली तेव्हा मला चाल ओळखीची आणि शब्द अर्धवट, अंगावर काटा आला.

का टिकली? कारण तिथल्या हिंदूंत हिंदी-भोजपुरीवाले बहुसंख्य आहेत आणि तमिळ तेलुगू मराठी या प्रत्येकाला आम्ही त्यांच्यात मोडत नाही हे सांगायचं असतं. राज्यघटनेत मोठे गट चारच, हिंदू, मुस्लिम, चिनी आणि बाकीचे जनरल. मग त्या हिंदूत विरघळायचं नसेल तर आपलं देऊळ, आपली संस्था, आपला सण वेगळा दाखवावा लागतो. १९९८ ला तर नोटांवर हिंदी आधी आणि तमिळ नंतर छापलं म्हणून तमिळ लोक इतके भडकले की त्या नोटा मागे घेतल्या सरकारने. त्या मानाने आपले शांत. तिथला एक सहकारी मला म्हणायचा मी मराठी आहे, आणि मी मराठीत बोललो की हसून फ्रेंचमध्ये उत्तर द्यायचा. मला आधी विनोदी वाटायचं. नंतर वाटेनासं झालं.


पाणचट | शनिवार, सकाळी ११:१०

ठीक आहे, तुम्ही सगळे मिळून मला हरवायलाच बसलात. पण मग ही ओळख आहे का टीमचा टीशर्ट? म्हणजे कोरियन मुलगी पण घालू शकते असा. मला अजून वाटतं भाषेशिवाय ते पोकळ आहे.


कावेरीकाठ | शनिवार, दुपारी १:४५

नमस्कार, इथे पहिल्यांदाच लिहिते, चुका संभाळून घ्या, कारण त्याच माझ्या प्रतिसादाचा विषय आहेत.

आम्ही तंजावर मराठी. शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजी तंजावरला गादीवर बसले ते १६७० च्या दशकात, राज्य १८५५ ला संपलं, आम्ही राहिलो. बृहदीश्वराच्या देवळाच्या भिंतीवर सरफोजी राजांचा लांबलचक मराठी शिलालेख आहे, लहानपणी आजोबा तो बोटाने दाखवायचे, वाचता त्यांनाही येत नव्हता. घरी मराठी, पण आजी पत्र लिहायची तमिळ लिपीत. डांगर पच्चडी आमच्याकडे रोजची. (संभाजीवरून सांबार ही गोष्ट कृपया कोणी सांगू नका, तमिळ लोक ऐकत असतात.)

चेन्नईत आम्हाला रायर म्हणतात. शाळेत, गल्लीत, लग्नाच्या बाजारात, सगळीकडे आम्ही वेगळे आणि आम्हाला ते ठाऊक होतं. साडेतीनशे वर्षं भाषा टिकली ती कोणी शिकवली म्हणून नाही, बाहेर तमिळ होतं म्हणून घरात मराठी होती, एवढं सरळ. तमिळ आमच्या मराठीत भरपूर शिरली पण उंबरा राहिला.

मी चोवीस वर्षांची असताना नोकरीसाठी पुण्याला आले. मनात केवढं काय काय, की आता आपल्या लोकांत चाललो. पहिल्या दिवशी घरमालकीण बाईंशी मी जीव ओतून मराठीत बोलले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि फार प्रेमाने म्हणाल्या, "अय्या, तुमचं मराठी किती छान आहे! कुठे शिकलात?"

मी काय सांगणार. म्हटलं क्लास लावला होता.

त्यानंतर पुण्यात सहा वर्षं मी इंग्रजीच बोलले. चेन्नईत मराठी असलेली मी पुण्यात मद्रासी झाले आणि मला ते सोपंही वाटलं, कारण निदान मद्रासी म्हणून तरी माझ्या चुका कोणी काढत नव्हतं. पाणचट, तुम्ही भाषा म्हणताय ना, माझ्याकडे भाषा होती. समोरच्याने ती आपली म्हणून ओळखली नाही तर भाषेचा काय उपयोग होतो ते मला विचारा.


खमंग_काकडी | शनिवार, दुपारी २:०२

कावेरीकाठ, "क्लास लावला होता" वाचून हसले आणि लगेच वाईट वाटलं. लिहीत राहा, एकही चूक दिसली नाही मला.


पाणचट | शनिवार, दुपारी २:३०

@कावेरीकाठ, मागे घेतो. सगळं नाही, पण बरंच. आणि मी पुण्याचा आहे, त्यामुळे बाईंच्या वतीने सॉरी.


भरती_ओहोटी | शनिवार, दुपारी ३:१५

कावेरीकाठ यांच्यावरून आठवलं, इस्रायलमध्येही हे उलट दिशेने झालंय. १९९२ ला भारत-इस्रायल पूर्ण राजनैतिक संबंध आले आणि तेव्हापासून सैन्यातून सुटलेली तिकडची पोरं पाठीला सॅक लावून गोवा, कसोल करत फिरायला लागली. म्हणजे रशियन घरातली, पोलिश घरातली मुलं. ती परत जाऊन मसाला चहा पीत, कुर्ते घालून हिंडायला लागली, आणि ज्या होदी मुलांना शाळेत आजीच्या डब्याचा वास लपवावा लागायचा त्यांना अचानक भाव आला. मधल्या पिढीने मात्र दोन्हीकडून मार खाल्ला, आईबापांचं मराठी सोडलं आणि भारताची फॅशन येईपर्यंत चाळिशी आली.

आणि क्रिकेट विसरू नका. तिकडे क्रिकेट टिकवलं ते मुख्यतः भारतातून गेलेल्यांनीच, अश्दोद, बीरशेबा, दिमोना इथे.


तळ्यातमळ्यात | शनिवार, रात्री ९:५०

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढे प्रतिसाद येतील वाटलं नव्हतं. कावेरीकाठ, तुमचा प्रतिसाद बायकोला वाचून दाखवला, ती बंगळुरात वाढलेली, ती काही न बोलता उठून चहा करायला गेली.

आता कामाचं. आजींना धाग्याबद्दल व्हॉट्सॲपवर सांगितलं, त्यांना देवनागरी वाचता येते पण अक्षर बारीक म्हणाल्या, म्हणून अर्धा तास व्हॉईस मेसेज करून वाचून पाठवला. कीर्तनाच्या भागाला त्यांनी उलट एक कडवं म्हणून पाठवलंय, मधेच खोकला आहे. मॉरिशसच्या झाकरीवर म्हणाल्या, आमच्या गावात बाल्या नाचायचे तेच का?

आणि बातमी अशी की तो नातू बायकोला घेऊन डिसेंबरात गोव्याला येतोय. आजी म्हणतात गोवा गेलं खड्ड्यात, त्याला नवगाव बघायला सांग. त्याला मराठी येत नाही, इंग्रजी बरं आहे. मी तेव्हा इथे नाहीये. कोणी आहे का तिकडे?


घाणेकाठी | शनिवार, रात्री १०:१०

मी आहे की. गेटवेवरून मांडव्याची बोट घ्यायला सांगा, तिकिटात पुढची बस धरलेली असते, अलिबागला उतरवते. तिथून मी घेतो. इस्राएल आळी, सिनेगॉग, नवगाव, एका दिवसात आरामात होतं. शनिवारी नको, सिनेगॉगच्या माणसांना त्या दिवशी त्रास नको. जेवायला आमच्याकडे. बायको विचारतेय मासे चालतात ना?


तळ्यातमळ्यात | शनिवार, रात्री १०:१८

चालतात. खवल्यांचे.


घाणेकाठी | शनिवार, रात्री १०:२१

हो हो, ते माहितीये आम्हाला. अजून काही पाठवायचं आहे का आजींना?


तळ्यातमळ्यात | शनिवार, रात्री १०:४०

विचारलं. कडवे वाल, दोन किलो. म्हणतात इकडचे वाल सोलायला सोपे आहेत पण चव नाही, आणि नातवाला सांग बॅगेत खाली ठेव, वर ठेवलेस तर विमानतळावर उघडतील.


खमंग_काकडी | रविवार, सकाळी ८:१५

घाणेकाठी, माझ्यासाठी पण एक किलो. ठाण्यात कुठेही आणून द्या, येऊन घेऊन जाईन.